पिवळी सुपारी आणि रिकामी बरणी

आमचे हे दुसऱ्यांच्या मुलींच्या लग्नात रडायचे. मुलीचा बाप पंगतीच्या घाईत, आई आहेराच्या लुगड्यांत बुडालेली, आणि हे मांडवाच्या खांबाला टेकून उपरण्यानं डोळे पुसत उभे. वऱ्हाडातली माणसं विचारायची, हे कोण, नवरीचे मामा का? मग कोणीतरी सांगायचं, नाही हो, ते बस्तेवाले. हे ऐकून मला मांडवातून उठून सरळ घरी जावंसं वाटायचं.

आमचं गाव आदिलाबादजवळ, तामसीच्या बाजूचं. मी गावातल्या मराठी शाळेत गणित शिकवायचे. यांची शेती होती, कापूस आणि ज्वारी, पण कापूस घरातून गेला आणि लगनसराई सुरू झाली की यांचा जीव शेतात रमत नसे. लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी मिळून बस्त्याला जातात. नवरीचा शालू, नवरदेवाचा पोशाख, मामाचा फेटा, आत्याचं मानाचं पातळ, सगळं एका बैठकीत. तामसी-भीमपूरकडच्या गावांतली अशी घरं हेरून हे त्यांना बसनं आदिलाबादला एका कापडदुकानात न्यायचे आणि झालेल्या विक्रीवर दुकानदार यांना कमिशन द्यायचा. धंदा म्हणाल तर हा. पण धंद्यासारखं यांच्यात काही नव्हतं. शेठ भारी शालू उलगडून दाखवत असले की हे नवरीच्या बापाच्या कानाशी लागायचे, "हा नका घेऊ. खालच्या गठ्ठ्यातला पाहा, तोच रंग हाय, सस्ता पडते." एकदा नवरी आणि तिची सासू रंगावरून रुसून बसल्या, तर यांनी सगळी मंडळी उसाच्या रसाच्या गाड्यावर नेली आणि दोघींचं जमेपर्यंत रस पाजला, स्वतःच्या खिशातून.

"हिशेबानं वागा जरा," मी म्हणायचे.

"लगन हाय वं ते," हे म्हणायचे, "हिशेब थोडाच हाय."

मला हे पटत नसे. माझा आकड्यांवर विश्वास होता आणि अजून आहे. यांचा चुलतभाऊ "जेवायला येतो" म्हणून गेल्या वर्षभरात किती वेळा खरंच आला, त्यावरून मी भाकरीचं पीठ काढायचे. शेजारीण माझ्या या पद्धतीला हसायची, पण तिच्या घरी भाकरी उरायच्या आणि माझ्या घरी उरत नव्हत्या.

म्हणून त्या वर्षी शेठचा मुलगा हैदराबादहून शिकून आला आणि त्यानं दुकानाची नवी पद्धत काढली, तेव्हा मी मनातून त्याच्याच बाजूची झाले. मी त्या दिवशी पगाराच्या कामासाठी आदिलाबादला गेले होते आणि यांच्याबरोबर दुकानात टेकले होते. मुलानं गल्ल्याजवळ गोळ्या-बिस्किटांच्या काचेच्या तीन बरण्या मांडल्या. म्हातारे शेठ गादीवर लोडाला टेकून पान चघळत होते.

"चाचा," मुलगा यांना म्हणाला, "धंदे में दिल नहीं, आंकड़ा चलता है। कौन कितने ग्राहक लाया, मालूम होना चाहिए।"

पद्धत सोपी होती. दुकानाचे एजंट दोन. एक आमचे हे आणि दुसरा दुकानाशेजारचा पानठेलेवाला. दोघांनी आपापल्या रंगाच्या सुपाऱ्या करायच्या, पानवाल्याची लाल, यांची पिवळी. ज्या घराला बस्त्याला पाठवायचं त्यांच्या हातात एक सुपारी द्यायची आणि त्यांनी ती गल्ल्यावर आणून द्यायची. मग ती त्या रंगाच्या बरणीत पडणार. जे कोणाच्याही सांगण्याशिवाय आपले आपण येतील, त्यांच्या नावानं दुकान स्वतः एक साधी सुपारी तिसऱ्या बरणीत टाकणार. ज्याची बरणी भरेल त्याचं कमिशन वाढेल, ज्याची रिकामी राहील त्याला रामराम.

मला ती पद्धत इतकी आवडली की मी त्या पोराला मनात पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.

रंग द्यायचं काम अर्थात माझ्याकडं आलं. पिवळा रंग म्हटल्यावर बाजारात कशाला जायचं, घरात हळद होती. मी हळदीच्या दाट पाण्यात सुपाऱ्या उकळल्या, सुपावर वाळवल्या, आणि काय सुरेख रंग चढला म्हणून सांगू. पानवाल्यानं मात्र सुपाऱ्या लाल शाईत बुडवल्या होत्या. त्या हातात धरल्या की बोटं लाल व्हायची आणि धुतली तरी निघायची नाहीत. मी यांना म्हटलं, बघा, कामात असा फरक पडतो.

त्याच मोसमात पहिलं लग्न निघालं ते आमच्याच मुलीचं. एकुलती एक. तिला किनवटकडं दिली. बस्ता अर्थातच त्याच दुकानात. बसमधून उतरताना मी यांना आठवण केली, "आपली सुपारी द्यायला विसरू नका. घरचं झालं तरी तुमच्या बरणीत पडेल." परत येताना विचारलं, दिली का? "दिली," हे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

एक गोष्ट मात्र त्या लग्नात अशी झाली की भावकीत वर्षभर चर्चेला पुरली. गावभराच्या पोरींसाठी रडणारा हा माणूस स्वतःच्या मुलीच्या पाठवणीला कोरडा ठणठणीत. मी रडले, माझ्या नणंदा रडल्या, मुलगी तर गाडीचं दार सोडेना. हे मात्र टेम्पोत पेटी नीट ठेवली का ते बघत होते. "लोकाच्या पोरीले रडते अन् स्वतःच्या पोरीले टिपूस नाही," माझी जाऊ म्हणाली. मलाही राग आला होता. बोलले नाही, पण आला होता.

होळीनंतर यांना दुकानात बोलावणं आलं, तेव्हा मी सोबत गेले. लाल बरणी काठोकाठ भरली होती. साध्या सुपाऱ्यांची बरणी जेमतेम बुडाला. आणि पिवळी बरणी स्वच्छ. इतकी स्वच्छ की तिच्यातून पलीकडचे धोतरांचे गठ्ठे दिसत होते.

"चाचा, आप आते हैं, चाय पीते हैं, पंखे के नीचे बैठते हैं," मुलगा अगदी अदबीनं म्हणाला, "लेकिन आंकड़ा शून्य है। अक्षय तृतीया तक देखेंगे। तब भी बरणी खाली रही, तो फिर माफ करना।"

म्हाताऱ्या शेठनी काही बोलायला तोंड उघडलं, पण मुलानं त्यांच्यासमोर बरण्या सरकवल्या. शेठनी तोंड मिटलं. बरणीशी वाद कोण घालणार?

हे मान डोलावून उठले. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. घरी आले आणि ओसरीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी गल्लीत एक लग्न होतं. हे मांडवात गेले, जेवले, पाठवणीला उभे राहिले आणि रडले नाहीत. तेव्हा मात्र मी घाबरले. या माणसाचं रडणं मला इतकी वर्षं लाजिरवाणं वाटत होतं, आणि ते थांबलं तर घरात कोणी आजारी असल्यासारखं वाटायला लागलं. त्या दुकानाच्या गादीवर कोपऱ्यात बसून लोकांच्या लेकीबाळींचे शालू निवडणं, यांना आयुष्यात एवढंच तर मनापासून आवडत होतं.

पण शून्य? मी विचार करू लागले. आकडा खोटं बोलत नाही. पण आमच्या ओसरीवरून कितीतरी घरं बस्त्याला गेलेली मी डोळ्यांनी पाहिली होती, आणि माझे डोळेही खोटं बोलत नाहीत. दोन्ही खरं असेल तर मधे कुठंतरी सुपाऱ्या गळतात. सुट्टीच्या दिवशी मी छत्री घेतली आणि घरोघर निघाले.

मास्तरीणबाई छत्री घेऊन दारात आली की आमच्याकडं लोकांना एकच कळतं, शिरगणती आली. पहिल्याच घरात मला घरातली माणसं, बैल आणि शेळ्या सांगण्यात आल्या. एक शेळी हिशेबात धरू नका, ती जावयाची आहे, असंही सांगण्यात आलं.

"शेळ्या नाही हो," मी म्हटलं, "तुमच्या पोरीच्या बस्त्याला आमच्या यांनी पिवळी सुपारी दिली होती ना? ती दुकानात दिली का?"

त्या बाईनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिला पोर दुकानात देऊन आलीस का असं विचारलंय.

"दुकानात? बाई, हळदीची सुपारी हाय ते! लगनाची! ते कोणी दुकानात देते का?" ती मला आत घेऊन गेली. देवघरात बाळकृष्णाच्या शेजारी, तांदळाच्या चिमटीवर, कुंकू लावलेली माझी सुपारी बसली होती. मीच उकळलेली. तिला ताजं जास्वंदीचं फूल वाहिलेलं होतं.

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी ती नवरीच्या ओटीत बांधून सासरी गेली होती. एका घरी तिला चांदीची वाटी केली होती. एका म्हातारीनं मला सांगितलं की सुपारी आल्यापासून तिच्या सुनेचं उलट बोलणं कमी झालं आहे आणि अशी आणखी एक मिळाली तर धाकटीसाठी पाहिजे. भीमपूरच्या रस्त्यावरच्या एका गावात पोस्टातले एक कारकून राहायचे, त्यांच्या मुलीचा बस्ताही यांनीच केला होता. ते बौद्ध, त्यांच्या घरी बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, देवघर नव्हतंच. मला वाटलं, चला, इथं तरी हिशेब लागेल.

"आमच्यात सुपारीले पुजत नाही, बाई," ते म्हणाले, "मी अडकित्त्यानं फोडली अन् खाल्ली. चांगली होती, पण हळदीची चव लागत होती."

"मग दुकानात काय दिलं?"

"दुकानापाशी उतरलो तर त्या पानठेल्यावाल्यानं एक लाल सुपारी हातात कोंबली. सगळे हात लाल! काऊन दिली म्हणाव तं म्हणे, आत द्या. मंग दिली. कोण ठेवते असली?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. परत त्या साऱ्या घरांत जाऊन विचारलं. सगळीकडं तेच. यांनी गावातून समजूत घालून, बसमधे जागा धरून, तिकडचा व्याही इकडं वळवून माणसं दुकानाच्या दारात न्यायची, आणि पानवाल्यानं ठेल्यावरून हात लांब करून त्यांच्या हातात लाल सुपारी ठेवायची. लोकांना तिचा इतका वैताग की दुकानात शिरल्याबरोबर ती आधी बरणीत. पिवळी देवाजवळ, लाल बरणीत. ज्या सुपारीवर लोकांचा जीव होता, तिचा आकडा शून्य, आणि जिची किळस येत होती ती काठोकाठ.

मी फार खूश होऊन आदिलाबाद गाठलं. शेठच्या मुलाला सगळं फळ्यावर समजावल्यासारखं समजावून सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, चहा मागवला.

"मॅडम, बात समझ में आती है," तो म्हणाला, "लेकिन देवघर की सुपारी काउंटर की सुपारी नहीं है। आज एक के लिए मानूँगा, कल पानवाला बोलेगा मेरी भी मंदिर में रखी है।" मग त्याला माझी दया आली असावी. "आप एक लाओ। सिर्फ एक, सच्ची। नमूना समझ लो। मैं पूरा हिसाब फिर से खोलूँगा।"

एक! मी हसतच परत आले. आणि ती एक सुपारी मागता मागता माझ्या नाकीनऊ आले.

एकीनं सांगितलं, देव झोपलेत. दुसरी म्हणाली, घेऊन जा, पण पोरीच्या संसारात काही वाकडं झालं तर तुम्ही येऊन निस्तराल असं आधी कबूल करा. चांदीच्या वाटीवालीनं तर देवघराचं दार लावून घेतलं. तीच म्हातारी, सुनेवाली, फार समजूतदार निघाली. तिनं डब्यातल्या चार साध्या सुपाऱ्या काढल्या, तिथल्या तिथं हळद चोळली आणि माझ्यापुढं केल्या. "घे माय, पाहिजे तेवढ्या करून देतो." घरी यांच्या पिशवीतही न वाटलेल्या पिवळ्या सुपाऱ्या उरल्या होत्याच. त्यातली कुठलीही नेली असती तरी त्या पोराला काय कळणार होतं? पण खोटा आकडा मी जन्मात लिहिला नाही. हजेरीपटावरसुद्धा नाही, तपासणीच्या दिवशीसुद्धा नाही.

अक्षय तृतीया आली. सकाळी मी देव पुसायला घेतले. यांना शेतावर जाऊन वेळ झाला होता. आमच्या घरी सुपारीचाच गणपती, सासूबाईंच्या वेळचा, काळा पडलेला. मी तो पुसला, ठेवला, आणि पुन्हा हातात गणपती आला. हा पिवळा होता. मी रोज सकाळी त्याला कुंकू लावत होते, अक्षता वाहत होते, आणि घरोघर जाऊन लोकांच्या सुपाऱ्या शोधत होते. आमच्या देवघरात लगनसराईभर दोन गणपती होते आणि गणिताच्या बाईला पत्ता नव्हता.

"दिली," म्हणाले होते हे. कोणाला, ते मी विचारलं नव्हतं.

ही सच्ची सुपारी होती. खऱ्या बस्त्याची. हिच्यात खोटं काही नव्हतं. मी ती पदराच्या गाठीत बांधली आणि सकाळची बस पकडली.

दुकानात सणाची गर्दी होती. शेठच्या मुलानं मला पाहिलं, पिवळ्या बरणीचं झाकण काढलं आणि हसून हात पुढं केला. "लाए क्या, मॅडम? एक भी चलेगी।" तो खरंच मनापासून म्हणत होता, त्याला यांना घालवायचं नव्हतं. मी गाठ सोडली, सुपारी मुठीत घेतली. आणि मला मुलगी आठवली, गाडीचं दार न सोडणारी. आणि टेम्पोत पेटी नीट लागली का ते तीन-तीनदा बघणारा तिचा बाप आठवला. मूठ काही उघडेना. मी स्वतःला आतून रागावून पाहिलं, जशी मी वर्गात पोरांना रागावते. तरी उघडेना.

"कोणी देत नाही," मी म्हटलं. "शून्य लिहा."

घरी आले तर घराची दशा बघण्यासारखी. देव सगळे बाजेवर मांडलेले. ज्वारीची कोठी आडवी. हे जमिनीवर पालथे पडून कपाटाखालच्या उंदराच्या बिळात उलथनं घालत होते आणि रडत होते. साधं नाही, हुंदके देऊन, पोरासारखे.

"अवं, उंदरानं नेली!" हे म्हणाले. "आपल्या पोरीची सुपारी उंदरानं नेली वं!"

मी मूठ उघडली. माझा तळवा पिवळा झाला होता. यांनी सुपारीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"दुकानात नेली होती?"

"हो."

"मंग दिली काऊन नाही?"

"तुमी काऊन नाही दिली?"

हे उठून बसले. उपरण्यानं डोळे पुसायला गेले आणि पुन्हा रडायला लागले, आणि या वेळी मीही त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि उपरण्याचं दुसरं टोक घेतलं. मग दोघांनी मिळून देव जागेवर ठेवले, दोन्ही गणपतींसकट.

यांचं कमिशन त्या दिवसापासून बंद झालं. मला वाटलं होतं, आता हे समोरच्या दुकानात जातील. पण तसं डोकं यांना असतं तर आणखी काय पाहिजे होतं. म्हाताऱ्या शेठचं कापड चांगलं असतं म्हणून हे पुढच्या लगनसराईतही लोकांना त्याच दुकानात नेत राहिले, फुकट. फरक एवढाच की आता ते मंडळींना पानठेल्याकडून न नेता मागच्या गल्लीतून आत घालायचे, लोकांचे हात खराब होतात म्हणून.

त्या मोसमात मी माझ्या भाचीच्या बस्त्याला गेले. लाल बरणी या वेळी अर्धीच भरली होती, पिवळी तर काढूनच टाकली होती, आणि साध्या सुपाऱ्यांची बरणी भरून दुसरी लावली होती. शेठचा मुलगा मला बघून इतका आनंदला की उठून उभा राहिला.

"देखिए मॅडम, आंकड़े का कमाल! अब एजंट की जरूरत ही नहीं। लोग अपने आप आते हैं।"

हे त्याच्या पाठीमागेच गादीवर बसले होते, पंख्याखाली, आपल्या नेहमीच्या जागी. ती जागा सोडा असं यांना कोणी सांगायचं विसरूनच गेलं होतं. भाचीनं शालू खांद्यावर टाकून पाहिला आणि यांनी उपरणं डोळ्याला लावलं.

"हो बाबा," मी म्हटलं, "आपोआपच येतात." आणि आमच्या नावानं त्यानं एक साधी सुपारी बरणीत टाकली.